कॅम्पसवरची नाटकं, मैफली आणि व्याख्यानं : बाहेरच्या माणसाला पडणारे प्रश्न

आमच्या कुर्ल्याच्या सोसायटीत मला 'कार्यक्रमवाल्या काकू' म्हणतात. दर रविवारी रात्री, पुढच्या आठवड्यात मुंबईतल्या विद्यापीठांत, संस्थांत आणि महाविद्यालयांत काय काय आहे त्याची यादी मी व्हॉट्सॲपवर टाकते. एकांकिका, मैफली, स्मृतिव्याख्यानं, विज्ञानाच्या गप्पा, जे हाती लागेल ते. यादी पडल्यावर पाच मिनिटांत तेच ते प्रश्न सुरू होतात. टाइप करून करून अंगठा दुखायला लागला, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मी कुठल्याही विद्यापीठात नोकरीला नाही. मागच्या रांगेत बसणारी बाई आहे, तेव्हा हे सगळं मागच्या रांगेतून दिसलेलं समजा.

मी विद्यार्थी नाही, प्राध्यापकही नाही. मला आत सोडतील का?

हा पहिला प्रश्न, आणि बरेचजण याच्यावरच अडून घरी बसतात. बहुतेक वेळा सोडतात. जाहिरातीच्या तळाशी काय लिहिलंय ते आधी वाचा. 'सर्वांसाठी खुले' किंवा 'प्रवेश विनामूल्य' असेल तर प्रश्नच मिटला. 'नोंदणी आवश्यक' असेल तर गुगल फॉर्म भरा आणि आलेला मेल जपून ठेवा. यातलं काहीच नसेल तर तो बहुधा विभागापुरता सेमिनार असतो. तिथेही विभागाच्या कार्यालयात फोन करून 'मला ऐकायला यायचंय' म्हटलं, तर मला आजवर एकदाच नकार मिळालाय, आणि तोही खोली लहान होती म्हणून.

खरी परीक्षा गेटवर. सोबत आधार कार्ड किंवा कुठलंही फोटोचं ओळखपत्र ठेवा आणि जाहिरात मोबाइलवर आधीच उघडून ठेवा, कारण नेमकं गेटवरच नेट रेंगाळतं. 'आत कार्यक्रमाला जायचंय' असं मोघम सांगू नका. विभागाचं आणि सभागृहाचं नाव घ्या. रखवालदाराला ते नाव ओळखीचं असतं, कार्यक्रमाचा विषय नसतो. वहीत नाव, मोबाइल, वेळ आणि 'कोणास भेटायचे' असे रकाने असतात. त्या शेवटच्या रकान्यात मी सवयीने 'व्याख्यान' लिहिते. एकदा एका गेटवर नव्या पोराने ते वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "व्याख्यान सर कुठल्या डिपार्टमेंटला बसतात?" तेव्हापासून मी विभागाचं नाव लिहिते.

'विद्यापीठात आहे' असं लिहिलंय. म्हणजे फोर्टला की कलिन्याला?

हे विचारलंत ते बरं केलंत. फोर्टचा कार्यक्रम कलिन्यात शोधणारी माणसं मी दरवर्षी पाहते, आणि उलटंही. दोन्हींत ऐन संध्याकाळी चांगला तासाभराचा फरक पडतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. जुनं आवार फोर्टला, ओव्हल मैदानासमोर. दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर तिथे आहेत. दोन्हींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचे. तो स्वतः मुंबईला कधी आलाच नाही, लंडनहून कागद पाठवले. सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झालं, टॉवर १८७८ मध्ये. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव ठेवलं आपल्या आईचं. (वर चढता येतं का, हाही प्रश्न दर वेळी येतो. नाही येत.) २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे आवारही आहे.

दीक्षान्त सभागृहात कार्यक्रम असेल तर वीस मिनिटं आधी जा आणि मान वर करून रंगीत काचांची गोल खिडकी बघून घ्या. तिच्यात बारा राशी आहेत. आपली रास शोधेपर्यंत पाहुणे येतात. मात्र बसायचं पुढच्या रांगांत. छत उंच, दगडी भिंती, त्यामुळे मागे आवाज घुमतो आणि वाक्याचं शेपूट ऐकू येत नाही. मी मागच्या रांगेची असले तरी या एका सभागृहात पुढे बसते. चर्चगेटहून चालत दहा मिनिटं, नाहीतर मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्थानक.

कलिना म्हणजे सांताक्रूझ पूर्वेची विद्यानगरी. बहुतेक विभाग तिथे. सांताक्रूझ पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून बस वा रिक्षा. आवार अवाढव्य आहे, गेटपासून इमारतीपर्यंत चालण्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि ती वेळ कुणीच धरत नाही. संध्याकाळी सातनंतर कुर्ल्याच्या दिशेला रिक्षा मिळवणं हा वेगळा कलाप्रकार आहे.

तिकीट किती?

व्याख्यानांना कधीच नसतं. विभागांच्या नाटकांना आणि मैफलींना बहुधा नसतं, असलं तर नाममात्र. स्पिक मॅके ही संस्था १९७७ मध्ये किरण सेठ यांनी सुरू केली, आणि शिक्षणसंस्थांमध्ये शास्त्रीय संगीत-नृत्य विनामूल्य पोचवणं हेच तिचं काम. ज्या कलाकाराला नाट्यगृहात हजाराचं तिकीट काढून ऐकता, तोच इथे कॉलेजच्या हॉलमध्ये, दहा हातांवर बसलेला असतो. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायची तयारी ठेवा.

वर्षभरात कधी काय असतं? सुट्टी टाकायची तर कधी टाकू?

परीक्षांचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च अखेरपासून पुढे सगळं थंड. मधल्या दोन फटींमध्ये सगळं कोंबलेलं.

पहिली फट पावसाळ्यातली. जुलै-ऑगस्टपासून विद्यापीठाचा युवा महोत्सव सुरू होतो, आधी विभागवार फेऱ्या, मग अंतिम. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, लोकनृत्य, वक्तृत्व, रांगोळी, सगळं. मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघर-ठाण्यापासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत आहे, त्यामुळे अंतिम फेरीला कोकणातली पोरं रात्रभर प्रवास करून, ढोलकी मांडीवर घेऊन आलेली असतात. लोकनृत्याच्या फेरीला त्यांची एन्ट्री चुकवू नका. ऑगस्टमध्येच झेवियर्स कॉलेजचा 'मल्हार' महोत्सव, पण तिथे आपल्यासारख्यांना फारसा वाव नाही, तो कॉलेजच्या पोरांचा मामला.

दुसरी फट डिसेंबर ते फेब्रुवारी. पवईला आयआयटीत 'टेकफेस्ट' आणि 'मूड इंडिगो' हे महोत्सव डिसेंबरात. जानेवारीत संगीताचे कार्यक्रम, कारण हवा बरी असते आणि सभागृहात पंख्याचा आवाज नसतो. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात प्रत्येक मराठी विभागात काहीतरी असतंच. नुसतं अभिवाचन आणि भाषण असेल तर मी जात नाही, स्पष्ट सांगते. पण कुणी बोलींवर, शब्दकोशांवर, भाषेच्या इतिहासावर बोलणार असेल तर हातातलं काम टाकून जाते. दुसऱ्याच दिवशी २८ तारखेला विज्ञान दिन, तेव्हा संशोधन संस्था एरवीपेक्षा मोकळेपणाने लोकांना बोलावतात. एप्रिलमध्ये परीक्षा असल्या तरी ११ आणि १४ तारखेच्या आसपास फुले-आंबेडकरांवरची व्याख्यानं असतात, आणि ती वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या सभागृहांपैकी असतात.

मे महिन्यात मला विचारू नका. मी गावाला असते.

एकांकिकेची प्राथमिक फेरी बघायला जाण्यात काय अर्थ आहे? अंतिम फेरीच बघू ना.

अंतिम फेरी बघाच. पण माझं ऐकाल तर एकदा प्राथमिक बघा. बऱ्याच स्पर्धांची प्राथमिक फेरी नेपथ्याशिवाय, प्रकाशयोजनेशिवाय होते. कॉलेजचा एखादा हॉल, ट्यूबलाइट चालू, खिडकीबाहेर वाहनांचे भोंगे, तीन परीक्षक टेबलामागे कटिंगचे ग्लास घेऊन. आणि समोर नुसती पोरं.

गेल्या पावसाळ्यात बघितलेलं सांगते. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक ओढणी, एवढंच सामान. खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, एका मुलीने ओढणीचं टोक वरच्या कडीला धरल्यासारखं धरलं, आणि चौघेजण एकदम डावीकडे कलले. बस्स, लोकल सुरू झाली. दादर आल्याचं कुणी बोललं नाही. सगळ्यांनी फक्त पोटं आत घेतली. हॉलमध्ये हशा पिकला. शेवटच्या प्रसंगात वेळ संपत आल्याची घंटा वाजली तेव्हा नायकाचं लांबलचक स्वगत बाकी होतं. त्याने एक श्वास घेतला, अख्खं स्वगत गाळलं आणि शेवटचं वाक्य बोलून थांबला. माझ्या मते ते नाटक त्यामुळेच चांगलं झालं. लेखक विंगेत डोकं धरून बसला होता तो भाग वेगळा.

एक पथ्य : एकांकिका सुरू असताना दार उघडू नका. दोन प्रयोगांच्या मधे आत-बाहेर करा. आणि आपल्या पुतण्याची एकांकिका झाली की लगेच उठून जाऊ नका. पुढच्या संघाला रिकाम्या खुर्च्या दिसतात.

ज्यांना एका रात्रीत सगळी मलई खायची आहे त्यांच्यासाठी 'सवाई' आहे. चतुरंग प्रतिष्ठानची ही स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाची सकाळ उजाडेपर्यंत चालते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे उतरतात. ती कॅम्पसवर नसते, नाट्यगृहात असते, आणि तिकिटासाठी धावपळ करावी लागते.

कलिन्यातल्या 'लोककला' आणि 'थिएटर आर्ट्स'ची नाटकं कशी असतात? शिकाऊ पोरांचीच ना?

शिकाऊ म्हणजे दोन वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत तेच करणारी. अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिथल्या विद्यार्थ्यांना बाहेरून आलेले दिग्दर्शक नाटक बसवून देतात. व्यावसायिक रंगभूमीला न परवडणारी पंचवीस-तीस पात्रांची नाटकं बघायची असतील तर आता ही अशीच एखादी जागा उरली आहे. प्रयोग मोजके होतात. 'पुढच्या वेळी बघू' म्हणालात तर पुढची वेळ येत नाही.

लोककला अकादमीत तमाशा, भारूड, पोवाडा, गोंधळ शिकवतात. लावणी म्हणजे टीव्हीवरची एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे एकदा गण, गवळण, बतावणी, वग असा तमाशाचा अख्खा क्रम बघावा. बतावणीतलं शाब्दिक द्वंद्व बघितलं की हल्लीचे विनोदी कार्यक्रम जरा पातळ वाटायला लागतात. माझ्या सूनबाईंनाही तसंच वाटलं, त्यामुळे मला वाटलं नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

व्याख्यान मला समजेल का? माझं शिक्षण बारावी.

जाहिरात कशी वाचायची ते सांगते, म्हणजे फसगत होणार नाही.

'स्मृतिव्याख्यान' असेल तर ते सगळ्यांसाठी असतं. वक्त्याला माहीत असतं की समोर निवृत्त शिक्षक, पत्रकार, शेजारपाजारचे लोक बसलेत. पहिली दहा मिनिटं ज्यांच्या स्मृतीसाठी आहे त्यांच्यावर, मग विषय. 'चर्चासत्र' असेल तर दिवसभर, एकामागून एक निबंध. त्यातलं बीजभाषण, म्हणजे सुरुवातीचं मुख्य भाषण, तेवढं ऐकून आलं तरी चालतं. 'सेमिनार' किंवा 'कलोक्वियम' असेल आणि शीर्षकात तीन शब्द अनोळखी असतील, तर पहिली पंधरा मिनिटं कळतात, पुढची पंधरा निम्मी, आणि नंतर आपण भिंतीवरचं घड्याळ बघतो. यात लाज काही नाही. शेजारी बसलेला संशोधक विद्यार्थीही तेच करत असतो.

विज्ञानाची सुरुवात करायची तर टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, 'चाय अँड व्हाय' हा कार्यक्रम धरा. २००९ पासून चालू आहे, रविवारी सकाळी अकराला. जुहूचं पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचं रुपारेल महाविद्यालय ही त्याची नेहमीची ठिकाणं, त्या रविवारी कुठलं ते बघून निघा. शास्त्रज्ञ मंडळी प्रयोग करून दाखवतात, पोरं मधेच उठून प्रश्न विचारतात, कुणी दटावत नाही. कुलाब्याच्या मुख्य संस्थेत, नेव्हीनगरला, जायची संधी मिळाली तर सोडू नका. तिथे ओळखपत्राशिवाय पान हलत नाही, पण आत होमी भाभांच्या काळापासून जमवलेली चित्रं भिंतींवर आहेत. चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र तर एकट्यानेच भाड्याचे पैसे वसूल करतं.

समाजशास्त्र, शहर, कामगार, आरोग्य असे विषय आवडत असतील तर देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. १९३६ ची संस्था, देवनार बस डेपोसमोर, गोवंडी स्टेशन जवळ. भाषा बहुतेक इंग्रजी, हिंदी. मराठी व्याख्यानांसाठी विद्यापीठाचा मराठी विभाग आणि दादर-माटुंगा-पार्ल्याची महाविद्यालयं.

शेवटी प्रश्न विचारायचा असेल तर?

विचारा. पण प्रश्न विचारा. 'मी १९७४ साली जेव्हा...' अशी सुरुवात करणारे गृहस्थ प्रत्येक सभागृहात एक असतात, आणि ते माइक सोडत नाहीत. मी आधी वहीत एका ओळीत प्रश्न लिहिते. दोन ओळी झाल्या तर विचारत नाही. इंग्रजी व्याख्यानात मराठीत प्रश्न विचारला तर चालतो, मी विचारलाय. अध्यक्षांनी भाषांतर करून सांगितला आणि वक्त्याने उत्तर माझ्याकडे बघून दिलं.

मुलांना आणू का?

एकांकिका आणि विज्ञान, हो. मैफलीला दहा वर्षांच्या पुढचं. चर्चासत्राला कृपा करून नको, त्यांनी काय पाप केलंय.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे. पायऱ्या असतात का?

जुन्या इमारतींत असतात. नव्या सभागृहांत लिफ्ट आणि रॅम्प बहुधा मिळतो, पण लिफ्ट संध्याकाळी सहानंतर बंद केलेली मी पाहिली आहे. आयोजकांना आदल्या दिवशी फोन करून नेमकं विचारा : 'गाडी दारापर्यंत येईल का, आणि लिफ्ट किती वाजेपर्यंत?' पवई किंवा कलिन्याला गाडी आत सोडायची परवानगी आधी घ्यावी लागते. पुढच्या दोन खुर्च्या राखून ठेवा म्हटलं की पोरं आनंदाने ठेवतात.

पवईच्या आयआयटीत जायचं कसं? तिथे बिबट्या असतो म्हणे.

कांजूरमार्ग पश्चिमेहून रिक्षा वा बस. आवार पवई आणि विहार तलावांच्या मधे, पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, त्यामुळे बिबट्या अधूनमधून दिसतो हे खरं आहे. व्याख्यानाला आल्याचं मी ऐकलेलं नाही. रात्री आतल्या निर्जन रस्त्याने पायी भटकू नका, मुख्य रस्त्याने गेटकडे या. 'मूड इंडिगो'साठी आधी ऑनलाइन नोंदणी आणि ओळखपत्र लागतं, आयत्या वेळी गेटवर जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही. एरवीच्या व्याख्यानांना इतकी कडक शिस्त नसते.

तुमच्या यादीतला कार्यक्रम झालाच नाही तर?

होतं असं. मागच्या वर्षी भर पावसात एका संस्थेत सतारवादन ऐकायला गेले. छत्री मिटून हॉलच्या दाराशी पोचले तर आत बॅडमिंटन चालू. कार्यक्रम तीन दिवसांपूर्वीच दुसऱ्या इमारतीत हलवला होता, आणि ते फक्त विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळवलं होतं. शोधत गेले तोवर सतारीतला 'जोड' हा भाग संपून 'झाला' हा वेगवान भाग सुरू होता. पायांतून पाणी निथळत होतं, बसायला जागा सतारीच्या अगदी समोर मिळाली, म्हणून तक्रार अर्धीच केली.

तेव्हा निघण्याआधी दोन तास त्या विभागाचं किंवा विद्यार्थी मंडळाचं इन्स्टाग्राम बघा. अधिकृत संकेतस्थळ सगळ्यात शेवटी जागं होतं. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र असेल तर मी स्वतः जात नाही, तुम्हालाही पाठवणार नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल?

नाटक नाही, मैफल नाही. व्याख्यान विचारून. हल्ली बऱ्याच संस्था स्वतःच यूट्यूबवर टाकतात.

खायला काय मिळतं?

कँटीन सहा-साडेसहाला आवरतं घेतात. वडा संपलेला असतो, चहा असतो. चर्चासत्रात जेवण नोंदणी केलेल्यांसाठी असतं. नोंदणी नसताना ताट घेऊ नका; मागून येणाऱ्या पोराला कमी पडतं. मी डब्यात थालीपीठ नेते.

कार्यक्रम लांबला आणि मला अर्ध्यातून निघावं लागलं तर वाईट दिसतं का?

बदलापूर-विरारहून येणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच ठरवून बसावं. कडेची खुर्ची घ्या, दाराजवळची. व्याख्यानातून प्रश्नोत्तरं सुरू होताना उठा, नाटकातून दोन प्रसंगांमधे रंगमंचावर अंधार झाल्यावर. मैफलीत राग संपून टाळ्या पडतात तेव्हा, आलापी चालू असताना तर मुळीच नाही. आणि पिशवी प्लॅस्टिकची आणू नका. त्या शांततेत तिचा आवाज तंबोऱ्याच्या वर जातो.